आठ एम पानं

माझ्या बोलण्यातून बारा आणे कापायचे आणि उरलेले चार आणे घरी न्यायचे, असा गोंदियात एके काळी रिवाज होता. दरेकशाच्या जंगलातल्या मच्छरांनी माझी छत्री उचलून नेली आणि पुढच्या पावसाळ्यात दांडा बदलून परत आणून दिली, हे मी इतक्यांदा सांगितलं आहे की ती छत्री आता मला खरोखर आठवते. त्याच जंगलात एका वाघाशी माझी नजरानजर झाली आणि तो लाजला. कापा, काय कापायचं ते कापा.

आज मात्र एका आकड्याविषयी लिहितो आहे, तो कापू नये. मी तो एकदाच वाढवला, एका अक्षरानं. त्यात एका माणसाची तीस वर्षांची अब्रू गेली आणि मागोमाग तो माणूसही गेला. गेला असं आपलं म्हणायचं. दुपारी बारा-साडेबाराला पत्रे तापले की तो मला अजून मोजताना ऐकू येतो.

लढाईची वर्षं होती. गोंदियात एका शेठजींच्या पेढीवर मी इंग्रजी कागद वाचायला होतो. पेढी तेंदूपानांची. जंगलातली माणसं वैशाखात पानं तोडून आणत, पन्नास पानं सालीनं बांधली की एक पुडा, हजार पुडे भरले की एक बोरा. बोरे दरेकसा स्टेशनाजवळच्या पत्र्याच्या गोदामात थप्पीला लागत आणि तिथून विडीवाल्यांकडे जात. त्या मालावर कलकत्त्याच्या एका कंपनीनं शेठजींना आगाऊ रक्कम दिलेली होती. म्हणजे माल आमच्या गोदामात, पण जीव कलकत्त्यात.

शेठजींची एक खोड होती. ते शून्य लिहीत नसत. वहीत शून्य काढलं की घर रितं होतं, असं त्यांच्या आजोबांनी सांगितलं होतं. म्हणून पाच हजार असले तर पाचाचा आकडा आणि पुढे ‘ह’. दोन लाख असले तर दोन आणि ‘ल’. सगळ्या पेढीला सवयच होती, की मोठी रक्कम एका अक्षरात मावते आणि ते अक्षर ज्याला कळतं तो मोठा माणूस. इंग्रजी अक्षरं फक्त मला कळत. एवढं ध्यानात ठेवा.

गोदाम सांभाळत होते एक म्हातारे मुनीमजी. सौंदडकडच्या एका गावातल्या धानवाल्यांच्या घरचे. त्यांच्या घराला गावात मोजणाऱ्यांचं घर म्हणत. मार्गशीर्षात कुणाच्याही खळ्यावर धानाची रास मोजायची झाली की बोलावणं त्यांच्या घरी यायचं. त्या मोजणीचे नेम असतात. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. मग दोन, मग तीन. मोजणाऱ्याशी बोलायचं नाही. बोलला तर मोजणी मोडली, पुन्हा लाभापासून सुरू. आणि रास पुरी होईपर्यंत मोजणाऱ्यानं पाणी प्यायचं नाही. खळ्यावर हे ठीक असतं, थंडीचे दिवस, सकाळची वेळ. मुनीमजींनी ते नेम जसेच्या तसे उचलून वैशाखातल्या पत्र्याच्या गोदामात आणले होते. तीस वर्षं त्यांच्या हातून एक पुडा इकडचा तिकडे झाला नव्हता. बोऱ्याच्या थप्पीवर नुसता हात ठेवून ते आत पुडे किती ते सांगत. हे चार आणे नाहीत, सोळा आणे खरं आहे.

त्या वर्षी पानं भरली आणि कलकत्त्याचा एक टोपीवाला साहेब गोदाम पाहायला आला. दोन दिवस राहिला, मुनीमजींनी त्याला सगळं दाखवलं, तो गेला. वीसेक दिवसांनी त्याचा कागद पेढीवर आला.

शेठजी गादीवर, समोर रोकड सांभाळणारा, आणि कागद हातात धरून मी. खाली एक ओळ होती, तिच्याखाली लाल रेघ. मी वाचलं, “शॉर्ट, एट एम लीव्हज.”

“शॉर्ट माने कम,” शेठजी म्हणाले. “वो तो मालूम है. ये एम क्या बला है?”

“मण असंन,” रोकडवाला म्हणाला. “आठ मण पानं कमी. आठ-नऊ बोरे झाले.”

“इंग्रज मणात मोजत नाही,” मी म्हणालो.

“मंग महिना. आठ महिन्याची पानं.”

“पानं महिन्यात मोजतात का? पगार मोजतात.”

“तुमचा काय, तुम्ही तोही मोजत नाई. उचलच घेऊन राहिले.”

शेठजी हसले. सगळी पेढी हसली. मला ते लागलं. त्या दिवसांत रोज दुपारी मी स्टेशनावर कालचा पेपर वाचत असे आणि त्यात लढाईचे खर्च मिलियनमध्ये येत. मिलियनची तोफ, मिलियनचं जहाज. तो शब्द मला तोंडात पेढ्यासारखा वाटायचा. मी कागद खाली ठेवला आणि म्हणालो, “एम म्हणजे मिलियन. एक मिलियन म्हणजे दहा लाख.”

शेठजींनी बोटांवर हिशेब केला. ऐंशी लाख पानं, म्हणजे एक लाख साठ हजार पुडे, म्हणजे एकशे साठ बोरे.

“एक सौ साठ,” ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहून, “बाबूजी, चाय लेंगे?”

दोन वर्षांत मला त्यांनी पहिल्यांदा बाबूजी म्हटलं. मी चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मला दरेकशाला पाठवलं. मुनीमजी गोदामाच्या दारात बसून साली भिजवत होते. मी कागद उघडून त्यांना सांगितलं, एकशे साठ बोरे कमी आहेत.

त्यांनी कागदाकडे पाहिलं. त्यांना ते अक्षर म्हणजे दोन डोंगर काढल्यासारखं दिसलं असेल. म्हणाले, “इंग्रजीत लिवलं हाय?”

“हो.”

“छापेल हाय?”

“टाइप केलेलं आहे.”

“मंग खरंच असंन,” ते म्हणाले. “माझा हात कुठंतरी चुकला, बाबू. आता मोजून घेतो.” आणि जरा थांबून, “गावी नोका सांगू. आमच्या घरून लोक रास मोजाले नेतात. समजलं तं कोनी नेनार नाई.”

सहा हमाल लावून त्यांनी सगळी थप्पी एका बाजूची दुसऱ्या बाजूला घातली. प्रत्येक बोऱ्यावर पालथा हात ठेवायचा आणि आकडा म्हणायचा. लाभ. दोन. तीन. दिवस मावळेपर्यंत बाराशे झाले. वहीत बाराशेच होते. मला वाटलं, सुटलो. ते पाणी प्यायले, दोन तांबे, आणि म्हणाले, “बोरे बरोबर आले. मंग कमी कुठी हाय? बोरे हलके असन. उद्या उघडून पायतो.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी बोरे उघडायला सुरुवात केली. एक उघडला, हजार पुडे. दुसरा उघडला, हजार. जेवढे उघडले तेवढे भरलेले. आणि प्रत्येक वेळी हजार झाले की त्यांचा चेहरा आणखी उतरायचा. माणसाची मोजणी चुकते तेव्हा तो घाबरतो, हे मी पाहिलं आहे. मोजणी बरोबर येते म्हणून घाबरलेला माणूस मी तो एकच पाहिला. हातातला हजार खरा की कागदातले एकशे साठ खरे, यात त्यांनी कागदाची बाजू घेतली होती. तो इंग्रजी होता, टाइप केलेला होता, आणि तो मी वाचला होता.

पत्रे इतके तापले होते की वर उतरलेला कावळा भाजून खाली पडला असता. हे माझं नेहमीचं आहे, कापा. पण पानांचा वास नाकात बसून जीभ लाकडासारखी होत होती, ते कापू नका. मी बाहेर जाऊन माठातलं पाणी पिऊन येत होतो. त्यांच्यासाठी तांब्या भरून आणला.

“रास पुरी नाई झाली,” ते म्हणाले. “पानी कसा पिऊ?” आणि मोजणी मोडली म्हणून तो बोरा पुन्हा लाभापासून.

त्यानंतर मी काही बोललो नाही. मी तोंड उघडलं की ते हात वर करत, तळवा माझ्याकडे. मला ते सोयीचंच होतं. मोजणाऱ्याशी बोलू नये, असा त्यांचाच नेम होता ना.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी नवा बोरा ओढला, त्याची शिवण उसवली, पहिला पुडा उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाले, “लाभ.” दुसरा पुडा त्यांच्या हातात होता. मी दोनची वाट पाहत राहिलो. हमाल पाहत राहिले. ते तसेच बोऱ्याला टेकून बसलेले होते आणि पुडा हातातून सुटला नव्हता. ऊन लागलं होतं. आम्ही पाणी ओतलं, वारा घातला, कांदा ठेचून आणला. गाडी येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

बातमी सौंदडला आमच्या आधी पोचली. गोंदियाहून तिकडे जाणारी छोटी गाडी बैलापेक्षा हळू चालते, पण बदनामी मधल्या स्टेशनात उतरून तिच्या पुढे चालत जाते. मुनीमजींनी तीस वर्षांत मिळून एकशे साठ बोरे खाल्ले, असं पेढीवर बोललं गेलं आणि मेलेल्या माणसानं त्याला उत्तर दिलं नाही.

शेठजींनी मला गोदामावर नेमलं. पगार वाढला. पाऊस येऊन गेला, पानं गेली नाहीत, वॅगन मिळत नव्हत्या. आणि बरोबर दुपारी, हमाल जेवायला झाडाखाली गेले की आत थप्पीच्या मागून आवाज यायचा. “लाभ.” मोठ्यानं नाही. जवळ बसलेल्या माणसाला ऐकू जाईल एवढाच. मग शांत. सुकी पानं आपोआप हलतात, कुरकुरतात, हे मला ठाऊक आहे, मी स्वतःला रोज समजावत असे. पण पानं कुरकुरली तर पुढेही कुरकुरतील. हा आवाज एकदाच यायचा आणि मग सगळं गोदाम दोनची वाट पाहायचं. मी दाराबाहेर बसू लागलो. एका हमालाला विचारलं, तुला काही ऐकू येतं का.

“मुनीमजी मोजून राहिले,” तो विडी पेटवत म्हणाला. “तुमाले आज ऐकू आलं का? आमी तं कवापासून ऐकून राहिलो.”

एरवी मी या गोष्टीची पन्नास भुतं केली असती. त्या वर्षी मी गोंदियाला गेलो की कुणाला मच्छराचीसुद्धा गोष्ट सांगितली नाही. लोक विचारत, तब्येत बरी आहे ना.

दिवाळीनंतर वॅगन मिळाल्या. बोरे गेले, एक मात्र राहिला. कोपऱ्यातला, एका अंगानं वाळवीनं खाल्लेला, वरून दोरी गुंडाळलेला. हमाल म्हणाले, हा मुनीमजींनी वेगळा ठेवला होता, टोपीवाल्याला त्यांनीच दाखवला. मुनीमजींची वही काढून पाहिली. त्यांच्या हातची ओळ होती. बोरा एक फाटका, वाळवी, साहेबास दाखविला.

तो बोरा उघडून मी मोजायला बसलो. दुपार होती. लाभ म्हणायची माझी छाती झाली नाही, एक म्हणूनच सुरुवात केली. आठशे चाळीस पुडे भरले. हजाराला एकशे साठ कमी. एकशे साठ पुड्यांची पानं किती? पन्नासाच्या हिशेबानं आठ हजार.

आठ एम म्हणजे आठ हजार. मिलियन नाही, मण नाही, महिना नाही. तिकडच्या व्यापारी लोकांत एम हा हजाराचा ‘ह’ होता, आमच्या शेठजींच्या ‘ह’सारखाच. मुनीमजींनी आपणहून दाखवलेला एक फाटका बोरा टोपीवाल्यानं आपल्या अक्षरात लिहून पाठवला होता. तोच मी त्यांना एकशे साठ बोरे करून परत नेऊन दिला, आणि ते तीन दिवस शोधत राहिले.

पेढीवर जाऊन शेठजींना सांगितलं. ते म्हणाले, “आठ हजार पत्ता? उतने के लिए?” मग हिशेब करून, “कलकत्तेवाले ने तो पैसा काटा भी नहीं था. मैं समझा, मेहरबानी की.” मी म्हणालो, मुनीमजींचं नाव धुतलं पाहिजे. ते म्हणाले, “धो डालो, बाबूजी. मना किसने किया.” आणि पुढचा कागद ओढला.

मी सौंदडला गेलो. मार्गशीर्ष होता, गावाच्या खळ्यावर रास पडली होती आणि मापासाठी दुसऱ्याच घरचा माणूस आणला होता. मुनीमजींची बायको, सगळ्या गावाची काकी, आपल्या दारात सूप घेऊन बसली होती. मी तिला आणि जमलेल्या लोकांना सगळं सांगितलं. एकशे साठ बोरे नाहीत, एकशे साठ पुडे. ते चोर नव्हते, मी चुकीचं वाचलं.

खळ्यावरून आलेला मापवाला म्हणाला, “तुमीच ना ते, मच्छरानं छत्री नेलेले?”

“तोच.”

“मंग तुमच्या बातीतले बारा आने काढा लागन. मंग किती बोरे उरले?” लोक हसले.

काकी हसली नाही. ती सूप खाली ठेवून म्हणाली, “तो बोरा हाय का अजून?”

“आहे.”

“घेऊन या.”

चौथ्या दिवशी मी बोरा घेऊन पुन्हा आलो. छोट्या गाडीत त्याला मांडीला मांडी लावून बसवलं होतं, तिकीटवाल्यानं त्याचं तिकीट मागितलं. खळं सारवलेलं होतं. काकीनं बोरा मध्ये ओतला, पूर्वेकडे तोंड करून बसली, पहिला पुडा उचलला आणि म्हणाली, “लाभ.”

माझ्या अंगावर काटा आला, कारण तिच्या तोंडून दोन निघालं. मग तीन. मग चार. गाव उभं होतं, कुणी बोललं नाही, पोरंसुद्धा नाही. ऊन वर आलं, तिनं पाणी घेतलं नाही, म्हणून मीही घेतलं नाही. आठशे चाळीस. शेवटचा पुडा ठेवून तिनं मापवाल्याकडे पाहिलं. तो पुढे झाला, त्यानं रिकाम्या बोऱ्यात हात घालून कोपरे चाचपले, वाळवीची माती चिमटीत घेऊन पाहिली, आणि धान मोजायचं आपलं माप उचलून मुनीमजींच्या धाकट्या भावाच्या हातात दिलं. उरलेली रास त्या घरानं मोजली.

काकीनं मला तांब्या दिला. मी पीत असताना म्हणाली, “ते मोजून राहिले होते तवा तुमी तिथंच होते ना, बाबू?”

“होतो.”

“तुमाले तवा मालूम नोयतं ना?”

“नाही, काकी,” मी म्हणालो. “मागाहून कळलं.”

तिनं तांब्या घेतला आणि विसळून ठेवला.

आता राहिलेलं. त्या कागदावर लाल रेघेच्या वर आणखी एक ओळ होती. बोरे बाराशे, पानं साठ हजार एम. एका बोऱ्यात पन्नास हजार पानं, तर बाराशे बोऱ्यांत सहा कोटी, म्हणजे साठ हजार वेळा हजार. एम म्हणजे मिलियन धरलं तर तीच पानं सहा हजार कोटी होतात. इतकी पानं मी माझ्या कुठल्याही गोष्टीत कुठल्याही झाडाला लावलेली नाहीत. ती ओळ मी मागाहून पाहिली, असं सगळ्यांना सांगत आलो. ती मी चहा पिताना पाहिली होती. बशी खाली ठेवायच्या आत मला हिशेब कळला होता. पण त्यांनी बाबूजी म्हटल्यावर पाच मिनिटांत ‘मी चुकलो’ असं कसं म्हणायचं, रोकडवाला समोर बसलेला. म्हटलं, दरेकशाला जाऊन बघू. तिथे गेल्यावर म्हटलं, बाराशे भरले की ते स्वतःच समजतील. मग म्हटलं, मोजणाऱ्याशी बोलू नये.

नोकरी मी पुढच्याच वर्षी सोडली. ते गोदाम आता उभं आहे की नाही, मला माहीत नाही. पत्रा तापला की मी कुठेही असलो तरी ऐकू येतं, लाभ. त्या घराला पुन्हा बोलावणी जातात, गावानं त्यांना माफ केलं, काकीनं मला पाणी दिलं, तरी येतं. ते दोनसाठी थांबलेले नाहीत, हे आता मला कळतं. दुसरा पुडा हातात धरून ते माझ्याकडे पाहत आहेत, आणि या खेपेला त्यांनी हात वर केलेला नाही.